रुमाल सोडणारं कुणीतरी

आमचा नारायण पेठेतला वाडा शेवटी बिल्डरकडे गेला. गेला म्हणजे पाडायचाय अजून, पण सह्या झाल्या, भाड्याच्या फ्लॅटची किल्ली आली आणि मग तीन रविवार आम्ही माळा रिकामा करत होतो. माळ्यावर काय नव्हतं ते विचारा. पाटे, दोन वरवंटे (दुसरा कशाला ते देवाला माहीत), कल्हई उडालेली पातेली, एक पाय नसलेला चौरंग, १९८० च्या दशकातले दिवाळी अंक, आणि मागे कोपऱ्यात पत्र्याची काळी ट्रंक. ट्रंकेत खारव्याच्या लाल फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा, आणि त्याच्यावर बुटांचा खोका. खोक्यात बाबांच्या फ्लॉप्या आणि सीड्या, प्रत्येकीवर त्यांच्या त्या सुबक अक्षरात तारीख.

दादा म्हणाला, "हे सगळं स्कॅन करून टाक आणि कागद दे कुणालातरी. टू बीएचकेत ट्रंक कुठं ठेवणारेस?"

प्रश्न रास्त होता, आणि मीही मान डोलावली. आता वर्ष होत आलंय त्याला. या वर्षात मला जे कळलं ते सांगायला बसलोय, थोडं भरकटेन.

आधी त्या लाल गठ्ठ्याबद्दल. कागद मोडीतले, म्हणजे मराठी लिहायच्या जुन्या लिपीतले. आमच्या घरात मोडी वाचणारी शेवटची व्यक्ती म्हणजे पणजोबा, त्यानंतर त्या गठ्ठ्याला 'ते जुने कागद' एवढंच नाव राहिलं. दसऱ्याला हळदकुंकू लागायचं, वर्षातून एकदा आज्जी उन्हात टाकायची, वेखंडाचे तुकडे बदलायची आणि परत बांधायची. वाचता कुणालाच येत नव्हतं पण वाळवायचे मात्र सगळ्यांना यायचे! १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, खडकवासला फुटलं, पाणी आमच्या पेठेत शिरलं तेव्हा ही ट्रंक खालच्या खोलीत होती. पाणी उतरल्यावर आज्जीने गाळातून ती काढली, कागद एकेक सोडवले आणि गच्चीवर दोऱ्या बांधून धुण्यासारखे वाळत घातले. हे मी तिच्याच तोंडून किमान पन्नास वेळा ऐकलंय, दर वेळी दोऱ्यांची संख्या वाढायची. आता ते कागद हातात घेतले की कडेला गाळाची तांबूस रेघ दिसते. काही ठिकाणी शाई पसरलीये, चार-पाच कागदांचा लगदा झालाय, बाकीचं अक्षर जागेवर आहे. काजळाची शाई ती, उन्हाने फिकी होत नाही. आणि हातकागद कापडाच्या चिंध्यांचा, शंभर दीडशे वर्षांनीही चिवट.

मग मी मोडी शिकलो. भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग चालतात, तिथे पन्नाशीचा मी, माझ्या एका बाजूला कॉलेजातली पोरगी आणि दुसऱ्या बाजूला निवृत्त तलाठी, असे आम्ही 'छ' वर अडलो. छ म्हणजे चंद्र. तारखेच्या आधी येतो, 'छ ५ साबान' असं, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख. राज्य पेशव्यांचं, लिहिणारा कारकून बहुतेक वेळा ब्राह्मण, आणि कालगणना अशी. मला हे फार आवडलं. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, आधी पानभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं, बोरू शक्यतो न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाचा त्रास नाही, एकच वेलांटी, एकच उकार. शुद्धलेखनात मार खाल्लेल्या माणसाला मोडी हे माहेर आहे.

सहा महिन्यांनी आमच्या गठ्ठ्यातला पहिला कागद मी पुरता वाचला. तोवर मनात होतं की काहीतरी सनद निघेल, इनाम निघेल, पानिपतावर कुणीतरी गेलेलं निघेल. निघालं काय, तर शके १७६१ ची, म्हणजे १८३९-४० ची, भांड्यांची यादी. लग्नासाठी शेजारून आणलेली भांडी. हंडे दोन, घंगाळ एक, तपेली सात, पराती तीन, परत केली त्यापुढे खूण. आणि एका तपेल्यापुढे शेरा: 'भोक पडिले आहे'. आणतानाच होतं की आमच्याकडे पडलं ते लिहिलेलं नाही. पुण्याचीच माणसं ती, वाद नक्की झाला असणार.

हसलो खरा, पण नंतर विचार करत बसलो. पावणेदोनशे वर्षं हा कागद कुणीही मुद्दाम जपला नव्हता. म्हणजे वाळवला, बांधला, पण तो काय आहे हे कुणाला माहीतच नव्हतं. दुर्लक्ष म्हणावं असंच ते जपणं. आणि तेवढ्यावर तो टिकला.

आपला सगळा इतिहासच थोडाफार असा टिकलाय. काउन्सिल हॉलजवळची ती दगडी इमारत, सरकारी नाव पुणे पुराभिलेखागार पण सगळे पेशवे दफ्तरच म्हणतात, तिथे तीस हजारांच्या वर रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, एकेकात शेकड्याने कागद. हे इंग्रजांनी काही इतिहासाच्या प्रेमापोटी नाही जमवलं. १८१८ ला राज्य गेलं, इंग्रजांचा इथला कमिशनर एल्फिन्स्टन, त्याच्या माणसांना वसुली कुणाकडून किती करायची ते हवं होतं, पुढे इनाम कमिशन आलं, त्यांना कुणाचं इनाम खरं आणि कुणाचं काढून घेता येईल ते तपासायचं होतं. म्हणून हिशेब राहिले. रायगडावर त्याच १८१८ च्या मे महिन्यात तोफगोळ्यांनी आग लागली, तिथलं होतं नव्हतं ते जळालं. शनिवारवाडा १८२८ ला कित्येक दिवस जळत होता. कितीतरी घराण्यांची दप्तरं रद्दीत गेली, वाण्याच्या पुड्यांना लागली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे अनवाणी म्हणावं तसे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवर चढले, हातापाया पडले, भांडले (भांडणात तर त्यांचा हातखंडा) आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. बावीस खंड झाले पुढे. १९१० ला मेहेंदळ्यांबरोबर त्यांनी मंडळ काढलं, तेच हे, जिथे मी छ शिकलो. मग १९३० ते ३४ मध्ये इतिहासकार गो. स. सरदेसायांनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद छापले, तेच पंचेचाळीस खंड भरले. निवडक हं! बाकीचे रुमाल अजून कुणीतरी सोडायची वाट बघतायत.

तर कागद वाट बघू शकतो. हे मला आधी कळलं नव्हतं.

आता बुटांचा खोका.

बाबा १९९६ ला रिटायर झाले आणि वाड्याचा इतिहास लिहायला बसले. वाड्याचा म्हणजे वाड्यातल्या सगळ्यांचा, भाडेकरूंसकट. आठ बिऱ्हाडं, कोण कधी आलं, कुणाचं काय झालं, विहिरीवरची भांडणं, पूर, गांधीवधानंतरचे दिवस, आणीबाणीत कोण आत गेलं आणि कोण पेढे वाटत होतं. म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन जाऊन विचारून लिहिलेलं. हाताने लिहिलेल्या वह्या होत्या, त्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या, आणि मग, आता हे लिहितानाही त्रास होतो, वह्या त्यांनी रद्दीत घातल्या. 'कॉम्प्युटरवर आहे आता, कायमचं झालं.' हे त्यांचं वाक्य माझ्या डोक्यात आहे, कारण तेव्हा मीच त्यांना तसं सांगितलं होतं.

फ्लॉपी वाचायचं यंत्र मिळवायला महिना गेला. अप्पा बळवंत चौकात विचारलं, लोक हसले. शेवटी एका मित्राच्या मित्राच्या ऑफिसात अडगळीत सापडलं. बारापैकी सात फ्लॉप्यांनी नुसती घरघर केली. सीड्यांपैकी दोघींचा वरचा चकचकीत थर सोलपटून आलेला, खरजेसारखा, तिसरी मात्र चालली. फाइल दिसली, नाव 'वाडा', तारीख १९९९. उघडली तर आतमध्ये टोप्या आणि शेपट्या लावलेली इंग्रजी अक्षरं, मधूनच पौंडाची खूण, मधूनच अर्धविराम. पाच पानं नाही, एकशे बारा पानं.

ज्यांनी त्या काळात मराठी टाइप केलंय त्यांना सांगायला नको. युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला आकडा) सरसकट व्हायच्या आधी प्रत्येक फॉन्टवाल्याचं स्वतंत्र संस्थान होतं. संगणकाच्या लेखी तिथे मराठी नव्हतीच, इंग्रजी अक्षरंच साठवलेली आणि वरून मराठीचं चित्र चढवलेलं. 'क' च्या जागी एकाकडे एक अक्षर, दुसऱ्याकडे दुसरं. फॉन्ट गेला की मराठी गेली. १९८५ पासून पुढची वीसेक वर्षं मराठीत जे टाइप झालं, दिवाळी अंक, पीएचडीचे प्रबंध, सरकारी परिपत्रकं, सोसायट्यांचे इतिवृत्तांत, लग्नपत्रिका, त्यातलं छापून कागदावर उतरलं तेवढं आपल्याकडे आहे, फाइलींचं काय झालं ते ज्याचं त्याने माळ्यावर चढून बघावं.

म्हणजे गंमत बघा. १८३९ ची तपेली मी वाचू शकतो, १९९९ चे बाबा नाही.

आणि आपल्याला हा अनुभव नवा आहे असंही नाही. मोडी म्हणजे काय झालं? व्यवहारातून, शाळेतून मोडी गेली, पन्नासच्या दशकानंतर तर शिकवायचीच बंद झाली, आणि एका पिढीत आपल्याच आजोबांची पत्रं आपल्याला वाचता येईनाशी झाली. कागद जागेवर, शाई जागेवर, वाचणारा गेला. आजच्या भाषेत फॉरमॅट बंद पडला. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली, तोवर ती संगणकाच्या हिशेबी अस्तित्वातच नव्हती. आणि मग २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा अचानक जिल्ह्याजिल्ह्यातून मोडी वाचणारे कुठे मिळतील म्हणून शोधाशोध. आमच्या वर्गातल्या तलाठीकाकांना त्या दिवसांत चहा प्यायला फुरसत नव्हती. राजकारण सोडा बाजूला, पण शंभर वर्षं कुणी न सोडलेला रुमाल एके दिवशी लाखो लोकांच्या आयुष्याचा प्रश्न होतो, हे आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं.

बाहेरच्या लोकांनी यात काही फार दिवे लावलेत असंही नाही. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाने सगळ्या जमिनींची नोंद करून घेतली, डूम्सडे बुक, चामड्यावर लॅटिनमध्ये. तिला नऊशे वर्षं झाली म्हणून १९८६ ला बीबीसीने नवी नोंद केली, शाळाशाळांतल्या पोरांना कामाला लावलं, फोटो, नकाशे, गावागावाची माहिती, आणि सगळं मोठ्या लेझर डिस्कवर घातलं. पुढची पंधरा वर्षं जेमतेम सरली आणि ती डिस्क चालवणारी यंत्रं दुर्मिळ झाली, विद्यापीठांतल्या लोकांना तो जुना संगणक नव्या संगणकात नकली उभा करून ती माहिती सोडवावी लागली. मूळची चामड्याची वही तोपर्यंत निवांत पडलेली होती.

लांब कशाला जा, आपल्या लॉ कॉलेज रोडवर १९६४ पासून फिल्म अर्काइव्ह आहे. पी. के. नायर नावाच्या माणसाने आयुष्य घातलं त्यात. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१ चा, त्याची एकही प्रत आज नाही. त्या काळातली कितीतरी रीळं लोकांनी त्यातली चांदी काढायला धुऊन टाकली. जुनी नायट्रेटची फिल्म म्हणजे जवळजवळ दारूगोळा, पेटली की पाण्यानेही विझत नाही, आणि २००३ च्या जानेवारीत पुण्यातच अशा रिळांचा साठा आगीत गेला. चांदीसाठी इतिहास विकणाऱ्यांना नावं ठेवायला मीही पुढे असायचो. बाबांच्या वह्या रद्दीत किती रुपयांना गेल्या असतील? नाही, मोजणार नाहीये मी.

माझा पुतण्या एकोणीस वर्षांचा, कॉम्प्युटरच शिकतोय. त्याला मोडीतली मोर्तब दाखवली. जुन्या पत्रात शेवटी एक छोटी मुद्रा असते, शिवाजी महाराजांच्या पत्रात तिच्यावर 'मर्यादेयं विराजते' असतं. म्हणजे पत्राची मर्यादा इथे झाली, याच्यापुढे कुणी काही घुसडलं तर ते खोटं. पेशव्यांच्या काळात तिथे 'लेखनसीमा'. पोरगं उडालंच. "काका, हा तर हॅश आहे!" म्हणजे काय तर फाइलीतून गणित करून एक लांबलचक आकडा काढतात, फाइलीत एक काना जरी बदलला तरी आकडा पार बदलतो, आकडा जुळला तर फाइल जशीच्या तशी आहे. म्हटलं चला, साडेतीनशे वर्षांनी दोघांची गाठ पडली.

मग मला ते शासन निर्णयातलं वाक्य आठवलं. कुठलाही जीआर काढून बघा, शेवटी असतं की हा आदेश डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून काढण्यात येत आहे, वर संकेतांक. आजची लेखनसीमाच ती. पण त्या स्वाक्षरीच्या सर्टिफिकेटची मुदत दोन-तीन वर्षांची असते. सही केली त्या वेळी सर्टिफिकेट चालू होतं हे पुढे सिद्ध करायला लागणारी सगळी माहितीही फाइलीबरोबर सांभाळायला लागते, नाहीतर पन्नास वर्षांनी संशोधकाला नुसतं प्रश्नचिन्ह दिसणार. सातबाराचंही तेच, आता मोबाइलवर दोन मिनिटांत निघतो, तलाठ्याच्या मागे फिरायला लागत नाही, मी विरोधात अजिबात नाहीये. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या वेबसाइटवर आज मी घरच्या खुर्चीत बसून असे कागद बघतो की ज्यांच्यासाठी आधी दिल्लीचं तिकीट काढून महिनाभर तिथे राहायला लागलं असतं. ही केवढी मोठी गोष्ट आहे! फक्त ती चालू ठेवायला रोज कुणीतरी कामावर यावं लागतं, वीजबिल भरावं लागतं, टेंडर वेळेवर निघावं लागतं. आज्जीच्या गठ्ठ्याला वर्षाला एक ऊन आणि वेखंडाचे चार तुकडे, संपलं. फाइलीला ते चालत नाही. तिला दर पाच-सात वर्षांनी उठवून नव्या डिस्कवर, लागलं तर नव्या फॉरमॅटात न्यायचं, हॅश जुळतोय का बघायचं, तीन प्रती करायच्या आणि त्यातली एक दुसऱ्या गावात. एक पाळी चुकली की संपलं. आणि पाळी चुकवण्यात आपला देश कसा आहे ते मी सांगायला नको. खाजगी तरी कुठे वेगळंय, गूगलचं खातं दोन वर्षं उघडलं नाही तर ते पुसून टाकू शकतात, आणि माणूस मेल्यावर त्याचं खातं कोण उघडतं?

आणि नुसतं स्कॅन म्हणजे जतन, हा तर मोठाच गैरसमज. माझाच होता. पहिल्या उत्साहात मी मोबाइलने गठ्ठ्यातल्या कागदांचे चारशे फोटो काढले, नावं आपोआप पडलेली, आकड्यांची. दोन महिन्यांनी भांड्यांची यादी हवी होती तर मला ती त्यात सापडेना! रुमालाला निदान वर चिठ्ठी असते, आत काय आहे त्याची. मग पुतण्या आणि मी मिळून एकेक फोटोला नाव, साल, विषय, कागद कुठल्या घडीतला, हे सगळं लिहीत बसलो, फोटो काढायला दोन दिवस लागले होते, हे लिहायला चार महिने. या चार महिन्यांच्या कामाला कुणी नारळ फोडत नाही. उद्घाटन असतं ते स्कॅनरचं.

दादाने विचारलंच परवा, "झालं का स्कॅन? मग ट्रंक?" ट्रंक राहिली. मूळ कागद एका संस्थेला द्यायचं बोलणं चालू आहे, तोवर ती माझ्या पलंगाखाली. बायको म्हणते पाहुणे आले की तुझा इतिहास पायाला लागतो.

बाबांची फाइल पुतण्याने बरीचशी सोडवली. तो जुना फॉन्ट कुठूनतरी पैदा केला, स्वतः एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, अक्षर जुळवत जुळवत मराठी परत आणली. पहिलं पान स्क्रीनवर उमटलं, 'आमचा वाडा शनिवाराकडे पाठ करून उभा आहे', तेव्हा मी उठून गॅलरीत गेलो. चहा ठेवायला, असं सांगितलं.

पण पूर्ण नाही जमलं. रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात, वेलांट्या एक घर पुढे सरकतात, मात्रा तर वाटेल तिथे. बरंचसं संदर्भाने लागतं. नावं लागत नाहीत. विहिरीच्या भांडणाचं एक सबंध प्रकरण आहे, बाबांनी रंगवून लिहिलंय, आणि त्यातला मुख्य माणूस पहिल्या पानावर खरे आहे, तिसऱ्यावर खेर, पाचव्यावर परत खरे. मात्रा कुठली मूळची आणि कुठली सरकलेली ते फाइल सांगत नाही. वही असती तर एका नजरेत कळलं असतं. मग आठवलं की भांड्यांच्या यादीत शेजाऱ्याचं आडनाव असणार, घर तेच, विहीरही तीच. काढली यादी. वरचा उजवा कोपरा, जिथे नाव असायला हवं, तिथे कसरीने बरोब्बर चवलीएवढी खिडकी पाडलीये.

आता उरली आत्या. शहाऐंशी वर्षांची, कोथरूडला असते, ऐकायला कमी येतं. काल फोन लावला.

"आत्या, विहिरीचं भांडण झालं होतं ना आपल्याकडे, ते खरे होते का खेर?"

"काय?"

"खरे! खरे का?"

"खरं का म्हणून काय विचारतोस? सगळं खरं होतं, माझ्यासमोर झालंय."

"नाही गं, नाव. आडनाव."

"ऐकू येत नाही नीट फोनवर. तू असं कर, उद्या ये. वही घेऊन ये लिहायला, ते मोबाइलवर टिपटिप करू नकोस माझ्यासमोर. आणि चारनंतर ये हं, आधी मी झोपते."